पन्नाशीत लाइम आजार: निदान कसं करून घ्यावं, उपचार कुठवर घ्यावेत

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, हडसनचं खोरं, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि थेट वर मेनपर्यंत राहणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून लाइम हा शब्द गेलेला असतो. लाइम म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा आजार. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातही तीच गत. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार होतात, असा सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा अंदाज आहे. रुग्णांमध्ये दोन वयोगट ठळक दिसतात: शाळकरी मुलं आणि पन्नाशीच्या आसपासची मोठी माणसं.

मुलांच्या बाबतीत आईवडील सावध असतात. पन्नाशीत मात्र आजार निसटतो, कारण त्याची प्रत्येक खूण वयाच्या खात्यावर टाकता येते. थकवा आला, थायरॉइड असेल. रात्री घाम येतो, पाळी जायची वेळ झाली. गुडघा सुजला, वजन वाढलंय. हातापायांना मुंग्या येतात, शाकाहारी माणूस, बी-१२ कमी असणार. यातलं कुठलंही कारण खरं असू शकतं. त्यामुळे लाइमचा विचारच न करणं जितकं महागात पडतं, तितकंच सगळं लाइमवर ढकलणंही. या दोन्हींतून वाट काढायला सगळ्यांत उपयोगी पडतात त्या तारखा. गोचीड कधी दिसली, चट्टा कधी उठला, ताप कोणत्या दिवशी आला, हे फोनमध्ये नोंदवून ठेवा. पुढचा जवळपास प्रत्येक निर्णय त्यावरच होतो.

गोचीड अंगावर सापडली तर

लाइम पसरवणारी गोचीड काळ्या पायांची, आणि आपल्याकडे गुराढोरांच्या अंगावर दिसते त्याहून खूपच लहान. मे ते जुलैत चावतात त्या अर्धवट वाढलेल्या गोचिडी, आकार खसखशीच्या दाण्याएवढा. शरद ऋतूत पूर्ण वाढलेल्या मादीची भीती असते, ती तिळाएवढी. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं, त्यामुळे अंग तपासताना चाळिशी लावाच आणि उजेड भरपूर ठेवा. जांघ, काख, गुडघ्याची मागची बाजू, बेंबी, कमरेचा पट्टा बसतो ती रेघ, कानामागे आणि केसांत पाहा. बायकांनी स्तनांखाली आणि ब्रेसियरच्या पट्ट्याखालीही. पाठ दुसऱ्याकडून बघून घ्यावी लागते, त्याला इलाज नाही.

काढायला बारीक टोकाचा चिमटा लागतो. भुवयांचा चपट्या तोंडाचा चिमटा गोचिडीचं पोट दाबतो, म्हणून तो टाळा. कातडीला अगदी लागून तिचं तोंड पकडा आणि एकसारख्या ओढीने सरळ वर उचला, पिळू नका. व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी, तेल, यांतलं काहीही करू नका: तुम्हाला ती लगेच निघायला हवी आहे, आणि या उपायांत ती आपण होऊन सुटेल म्हणून वाट बघावी लागते. शिवाय डिवचली गेली तर पोटातला मजकूर जखमेत जाण्याचा धोका. तोंडाचा तुकडा कातडीत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरू नका. त्या तुकड्यामुळे लाइम होत नाही, कातडी तो बाहेर टाकते. जागा साबणाने किंवा अल्कोहोलने पुसा, गोचीड पारदर्शक चिकटपट्टीत बंद करा, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि तारीख लिहा.

आता एका डोसचा प्रश्न. चावलेली गोचीड काळ्या पायांचीच असेल, भाग लाइमचा असेल आणि ती ३६ तास किंवा जास्त चिकटलेली असेल, तर ती काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदाच घेतल्यास लाइमची शक्यता बरीच घटते. तास मोजायचे कसे? शेवटचं अंगण किंवा जंगलातली वाट कधी तुडवली ते आठवा, आणि गोचिडीचं पोट बघा. चपटी असेल तर नुकतीच बसलेली. फुगून राखाडी झाली असेल तर रक्त प्यायला वेळ मिळालेला आहे. लाइमचा जिवाणू गोचिडीच्या आतड्यात असतो. रक्त पोटात गेल्यावर तो लाळेत उतरतो आणि याला साधारण दीड-दोन दिवस लागतात. म्हणून अंगावर नुसती फिरणारी किंवा संध्याकाळच्या फेरीनंतर लगेच काढलेली गोचीड लाइमच्या बाबतीत जवळपास निर्धोक. गोचीड प्रयोगशाळेत तपासून तिच्यात जिवाणू सापडला, तरी तो तुमच्या शरीरात उतरला असं सिद्ध होत नाही. उपचाराचा निर्णय त्या अहवालावर घेऊ नये.

भारतातून आणलेल्या डॉक्सीच्या गोळ्या अनेक घरांत पडून असतात. त्यातल्या चार-पाच गोळ्या मनाने घेऊन थांबू नका. अपुऱ्या औषधाने चट्टा विरतो, प्रतिपिंडं (जिवाणूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, अँटिबॉडीज) नीट तयार होत नाहीत, रक्ताची तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि आजार खरंच गेला की दबला हे कुणालाच सांगता येत नाही.

चट्टा, आणि आपली सावळी कातडी

सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांना चट्टा उठतो. चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत, बहुतेकदा आठवड्याच्या आसपास. चावल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच उठलेला रुपयाएवढा, खाजरा लाल ठिपका म्हणजे लाळेची ॲलर्जी, तो लाइम नव्हे. लाइमचा चट्टा रोज पसरतो, ५ सेंटिमीटरच्या पुढे जातो, हाताला किंचित गरम लागतो, पण फारसा दुखत किंवा खाजत नाही. म्हणूनच पाठीवर किंवा मांडीमागे असला तर पत्ताही लागत नाही. पेनने कडेची रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. रेघ ओलांडली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सगळ्या चित्रांत असतं ते नेमबाजीच्या फळ्यासारखं वर्तुळात वर्तुळ. अमेरिकेतल्या बऱ्याच रुग्णांत तसं काही दिसत नाही, चट्टा सगळीकडे सारखाच रंगलेला असतो. सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता जांभळट, तपकिरी किंवा मार लागल्यासारखा दिसू शकतो. वैद्यकीय पुस्तकांतले फोटो मुख्यत्वे गोऱ्या कातडीचे, त्यामुळे डॉक्टरचीही नजर त्यालाच सरावलेली असते. काळ्या रुग्णांचं निदान उशिरा, आजार अंगात पसरल्यावर होतं, हे अमेरिकेत दिसून आलेलं आहे. तेव्हा डॉक्टरने नायटा किंवा कोळी चावला म्हणून मलम लिहून दिलं, तर शांतपणे विचारा, ‘हा चट्टा तीन दिवसांत इतका पसरला आहे, हे त्याचे फोटो. हा लाइमचा असू शकतो का?’ रोज दिवसाच्या उजेडात, त्याच अंतरावरून, पट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो इथे उपयोगाला येतात. प्रायमरी केअरची वेळ आठवड्यानंतरची मिळत असेल तर फोटो पोर्टलवर पाठवा किंवा अर्जंट केअरमध्ये जा.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: असा पसरता चट्टा असेल आणि तुम्ही लाइमच्या भागात राहत असाल, तर उपचार सुरू करायला रक्त तपासावं लागत नाही. या टप्प्यावर तपासणी अर्ध्याहून जास्त वेळा निगेटिव्ह येते, कारण ती जिवाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. ‘आधी रिपोर्ट येऊ दे’ म्हणून चट्टा अंगावर बाळगणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे.

रक्ताची तपासणी कशी वाचावी

चट्टा नाही, किंवा दिसला नाही, पण जूनमध्ये सर्दी-खोकल्याविना ताप, अंगदुखी, मान आखडणं असं काही झालं, तर तपासणी लागते. ती दोन पायऱ्यांची. पहिली एन्झाइमची चाचणी. ती निगेटिव्ह आली तर तिथेच थांबतात. पॉझिटिव्ह किंवा धूसर आली तर दुसरी पायरी, वेस्टर्न ब्लॉट (यात प्रतिपिंडं पट्ट्यांच्या रूपात दिसतात) किंवा वेगळ्या प्रकारची आणखी एक एन्झाइम चाचणी. ही दुसरी पद्धत २०१९पासून मान्य झाली आहे. पहिलीचा निकाल एकटा घेऊन निदान करायचं नसतं.

ब्लॉटच्या कागदावर आयजीएम (सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडं) आणि आयजीजी (मागाहून येऊन टिकणारी) असे दोन भाग असतात. आयजीएमच्या ३पैकी २ पट्ट्या उमटल्या तर पॉझिटिव्ह, आयजीजीच्या १०पैकी ५. कागदावर ‘४१’ समोर खूण बघून अनेकजण घाबरतात. ही पट्टी जिवाणूच्या शेपटीसारख्या भागाची. तशी शेपटी इतर अनेक निरुपद्रवी जिवाणूंनाही असते, त्यामुळे धडधाकट माणसांतही ती उमटते. एकट्या ४१ला अर्थ नाही. आणि आयजीएम फक्त लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ३० दिवसांत धरायचं. चार महिने थकवा आहे, आयजीएम पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह, तर तो बहुधा खोटा पॉझिटिव्ह असतो. ल्युपस, संधिवात, सिफिलिस आणि मोनो नावाच्या तापातही असे खोटे निकाल येतात. लक्षणांची पहिली तारीख लिहिलेली नसेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो.

पहिली तपासणी फार लवकर झाली असेल आणि शंका टिकून असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून घ्या. बरं झाल्यावर मात्र ‘गेला का’ हे बघायला पुन्हा करू नका. प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहतात आणि निकाल पॉझिटिव्हच येत राहतो. त्या कागदावरून पुन्हा औषधं चालू करणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. लघवीतली लाइम चाचणी, सीडी-५७ पेशींची मोजणी, ताज्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगितलेलं निदान, यांपैकी कशालाही आधार नाही. खर्च मात्र खिशातून.

त्याच सुईत इतर तपासण्याही उरकून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताची, टीएसएच (थायरॉइड), बी-१२, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), फेरिटिन (लोहाचा साठा). लाइम निघालं तरी बी-१२ कमी असू शकतं, दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदतात. सीबीसीचा आणखी एक उपयोग आहे. ताप जोरात आहे, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, यकृताची एन्झाइम्स वाढलेली, तर त्याच गोचिडीने दिलेला ॲनाप्लाझ्मोसिस हा दुसरा जिवाणूजन्य ताप असू शकतो. तोही डॉक्सीने बरा होतो. हिमोग्लोबिन घसरतंय, घाम आणि हुडहुडी आहे, तर बॅबेसिया, म्हणजे गोचिडीतूनच येणारा रक्तातला परजीवी. त्यावर डॉक्सी चालत नाही, वेगळी औषधं लागतात. बॅबेसिया लाल रक्तपेशीत कडीसारखा दिसतो, अगदी मलेरियासारखा. तुम्ही नुकतेच भारतातून आला असाल तर मलेरिया आणि डेंग्यूही तपासावे लागतील, म्हणून प्रवासाच्या तारखा डॉक्टरला आपणहून सांगा.

चट्टा न दिसता महिन्यांनी उमटणाऱ्या खुणा

हा आजार सापडलाच मुळी सुजलेल्या सांध्यांवरून. कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५च्या सुमारास बऱ्याच मुलांना एकदम संधिवात होतोय, हे काही आयांनी लावून धरलं. जिवाणू हाती लागला तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, विली बर्गडॉर्फर यांना, गोचिडीच्या पोटात. गुडघा अजूनही त्याची आवडती जागा आहे. पन्नाशीत गुडघा सुजला की झीज म्हणून एक्स-रे काढतात, आणि त्या वयात थोडी झीज एक्स-रेत दिसतेच, मग शोध तिथेच संपतो. फरक असा: लाइमचा गुडघा पाण्याने टम्म फुगतो, पण सुजेच्या मानाने दुखतं कमी. बहुधा एकच गुडघा. सूज येते, ओसरते, परत येते. असं असेल तर लाइमची तपासणी होईपर्यंत सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायची घाई करू नका. या टप्प्याला रक्ताची तपासणी फार भरवशाची असते. आयजीजी निगेटिव्ह असेल तर गुडघा लाइमचा नाही, असं समजायला हरकत नाही. दोन्ही हातांची बोटं सकाळी आखडतात, ते चित्र लाइमचं नव्हे, संधिवाताचं.

चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली तर आधी पक्षाघात वगळायला ९११ला फोन करा. तो नसेल आणि उन्हाळा-शरदाचे दिवस असतील, तर लाइमची तपासणी मागा, दोन्ही बाजू गेल्या असतील तर नक्कीच. नेहमीच्या बेल्स पाल्सीला, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या लकव्याला, स्टिरॉइड देतात. लाइमच्या पाल्सीत त्यांचा फायदा सिद्ध नाही, आणि मधुमेह असेल तर साखर चढते ती वेगळीच. डोळा मिटत नसेल तर थेंब आणि रात्री पट्टी चुकवू नका, बुबुळाला इजा पटकन होते.

हृदय क्वचित, पण तेच सगळ्यांत घातक. चट्टा किंवा तापानंतर काही आठवड्यांत चक्कर, शुद्ध हरपणं, धाप, छातीत धडधड झाली तर वाट न बघता इमर्जन्सीत जा आणि ईसीजी काढताना ‘मी लाइमच्या भागात राहतो’ हे सांगा. पन्नाशीच्या माणसाचे ठोके मंदावले की कायमच्या पेसमेकरची चर्चा सुरू होते. लाइममुळे झालेला अडथळा औषधाने बहुधा काही दिवसांत निवळतो, तोवर तात्पुरता पेसमेकर पुरतो. त्या क्षणी हे कुणीतरी बोलून दाखवणं फार मोलाचं असतं, म्हणून घरच्यांनाही माहीत असू द्या.

औषध: किती, किती दिवस, कशाबरोबर

डॉक्टरने लिहिलेलं पडताळून बघता यावं म्हणून अमेरिकेतल्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतले मोठ्यांचे आकडे देतो. चट्ट्यासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. ती चालत नसेल किंवा गरोदरपण असेल तर अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १४ दिवस, किंवा सेफुरॉक्झिम ५०० मिलिग्रॅम दोनदा, १४ दिवस. चेहऱ्याच्या पाल्सीला डॉक्सी १४ ते २१ दिवस. मेंदूच्या आवरणाला सूज असेल तर शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन किंवा तोंडाने डॉक्सी, १४ ते २१ दिवस. हृदयासाठीही एकूण तेवढेच दिवस, अडथळा मोठा असेल तर सुरुवात रुग्णालयात शिरेतून. सांध्याला तोंडाने २८ दिवस. सांध्याची सूज गोळ्या संपल्यावरही आठवडे रेंगाळते. अजिबात फरक नसेल तर शिरेतून २ ते ४ आठवडे, आणि त्यानंतरही सूज राहिली तर संधिवाततज्ज्ञ, कारण तेव्हा जिवाणू नव्हे, शरीराचीच प्रतिकारशक्ती सांध्याशी भांडत असते.

डॉक्सी बिघडते ती घेण्याच्या पद्धतीने. पन्नाशीत कॅल्शियम, लोह, झिंक, मल्टिव्हिटॅमिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या सकाळी एकत्र घ्यायची सवय असते. हे क्षार डॉक्सीला पोटातच बांधून ठेवतात आणि ती रक्तात पोचत नाही. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, किंवा तेवढे दिवस पूरक गोळ्या बंद ठेवता येतील का ते विचारा. दुधाच्या चहाबरोबर, ताकाबरोबर घेऊ नका. पोळी-भाजी खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. घोटभर पाण्यावर गिळून झोपलं की गोळी अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. छातीत असह्य जळजळ होते ती यामुळेच. लाइमचा हंगाम आणि श्रावण जवळपास एकत्र येतात. उपाशीपोटी डॉक्सीने मळमळतं, तेवढे उपवास पुढे ढकला. उन्हात कातडी भाजते, टोपी आणि सनस्क्रीन हवंच, सावळ्या माणसांनाही. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, लवकर करावी लागते.

पहिल्या दिवशी काहींना ताप आणि अंगदुखी उलट वाढते. जिवाणू मरताना होणारी ती प्रतिक्रिया आहे, ॲलर्जी नव्हे. एका दिवसात जाते, औषध थांबवू नका. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकला, तर मात्र ती ॲलर्जी. दिवसातून तीनहून जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले तर जुलाब थांबवणारी गोळी न घेता डॉक्टरला कळवा.

कोर्स संपला, थकवा संपला नाही

हे खरंच होतं, आणि ते मनाचे खेळ नाहीत. बहुतेकांचा थकवा, अंगदुखी, लक्ष न लागणं काही आठवड्यांत, काहींचं सहा महिन्यांत निवळतं. थोड्यांचं त्याहून लांबतं. अशा रुग्णांना महिनोन्महिने अँटिबायोटिक देऊन अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये नीट चाचण्या झाल्या. टिकाऊ फायदा दिसला नाही, शिरेतल्या नळीतून झालेले गंभीर संसर्ग मात्र दिसले. वर्षभर अँटिबायोटिकचं पॅकेज सांगणारे, विमा न घेणारे दवाखाने थकलेल्या माणसाच्या आशेवर चालतात. त्याऐवजी झोपेत श्वास अडकतो का ते तपासा (घोरणाऱ्या पन्नाशीतल्या माणसात हे फार वेळा सापडतं), थायरॉइड, साखर, नैराश्य बघून घ्या आणि चालणं दहा मिनिटांपासून हळूहळू वाढवा. नवा चट्टा उठला तर तो नवा चावा समजा. लाइम एकदा झाल्यावर पुन्हा होतो, त्याला पुन्हा पूर्ण कोर्स लागतो.

भारतातून आलेले आईवडील

मे ते ऑक्टोबर मुलांकडे राहायला येणारे आईवडील रोज संध्याकाळी घरामागच्या झाडीच्या कडेने फिरतात, कढीपत्त्याच्या कुंड्या आणि वाफे बघतात. ते परत जातात आणि गुडघा सुजतो डिसेंबरमध्ये, पुण्यात किंवा कोल्हापुरात. तिथे लाइम डॉक्टरच्या मनात सहज येत नाही, कारण महाराष्ट्रात तो आजार नेहमीचा नाही. जाताना त्यांच्या फाइलमध्ये एक कागद घाला: कोणत्या राज्यात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहिले, गोचीड किंवा चट्टा दिसला का, फोटो, आणि घेतलेल्या औषधाचं नाव व दिवस. इथे असताना मोज्यांत खोचलेली फिक्या रंगाची पॅन्ट, बुटांवर आणि पॅन्टवर ०.५ टक्के परमेथ्रिनचा फवारा (कपड्यांवरच, कातडीवर नाही, आणि वाळल्यावरच घालायचे), आल्यावर दोन तासांत अंघोळ, आणि काढलेले कोरडे कपडे धुण्याआधी ड्रायरमध्ये कडक आचेवर १० मिनिटं. गोचीड पाण्यात मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते.